उबेला ठेवलेलं पाणी

आमच्या आडाच्या पाण्यात तुरीची डाळ एका कढात फुटते. गावात आणखी कुणाच्या पाण्यात फुटते का, ते विचारून या, मग माझ्यापाशी बसा. माणिकरावाच्या बोअरचं पाणी घातलं तर कुकर शिट्ट्या मारून मारून घसा बसवून घेतो, पण डाळ गोट्यावानी तळाला बसून राहते. म्हणून त्याच्या घरची कुसुमबाई सणासुदीला आमच्याकडं कळशी धाडते. गडी येतो, मागच्या दारानं. मी शेंदून देते. पाण्याला न्हाई म्हणू न्हाई, असं माझ्या मामंजीचं सांगणं होतं. पण कळशी भरताना गड्याला मी दर वेळी म्हणते, "तुज्या मालकिणीला सांग, आमच्या घराला पुढलं दार बी हाय."

हा आड मामंजीनं खणला. गावच्या विहिरीवर दुसऱ्यानं वरून ओतलेलं पाणी ते उन्हात ताटकळून घ्यायचे. एक दिवस विटाळाचा शब्द ऐकून कळशी कोरडीच घेऊन परत आले. टिकाव उचलला आणि अंगणात पहिला घाव घातला. मी तवा या घरात आले नव्हते, पण सासूनं इतक्यांदा सांगितलं की तो घाव माझ्याच कानात बसलाय. थंडीच्या सकाळी आडातून वाफ वर येते. काठावर हात टेकून वाकलं की खालून बारीक आवाज येतो. ठक. ठक. पाझर ठिबकतो, असं माझा सिद्धोधन म्हणतो. म्हणू द्या. लेकाला कान हायत, पण त्या कानात तो घाव कुठं बसलाय? मला वाटतं, मामंजी अजून खणायलेत.

अन् त्या आडाची झडती घ्यायला निघाली कोण, तर माझीच सून.

कापूस वेचायचे दिवस होते. शुभदा झरीला शिकायला गेली होती. गावातल्या काही बायांना पाणी तपासायचं शिकवायचं, असं पंचायतीत ठरलं होतं, त्यात हिचं नाव. सांजच्याला परत आली ती काखेत निळी पेटी घेऊन.

"काय आणलंस गं? बांगड्या विकायचा धंदा काढायलीस का?"

"पाणी तपासायची पेटी हाय, आत्याबाई. गावातले सगळे नळ, बोअर, आड तपासायचे. आपल्या घरापासून सुरू करते."

"आपल्याच घरापासून कामून? चोर इथं राहतो व्हय?"

"दुसऱ्याच्या दारात जायच्या आधी आपलं अंगण झाडावं."

"माझं पाणी माझ्या जिभेनं जल्मभर तपासलंय."

"जिभेला कळत न्हाई ते या बाटलीला कळतं."

"मग तिलाच सासू म्हण. जेवाया बी तीच वाढंल."

सिद्धोधन ताटात तोंड घालून हसला. राजनंदिनी, माझी नात, तिला काही कळालं न्हाई, बाप हसला म्हणून तीही हसली. शुभदा मात्र हसली न्हाई, रागवलीही न्हाई. तिचं तसंच हाय. भिंतीवर चेंडू मारावा तर ती भिंत गादीची निघते.

तिनं हात धुतले, पोहरा सोडला, आणि बोटाएवढ्या बाटलीत पाणी भरलं. आत चिमूटभर कसलंसं औषध होतं. पाणी पिवळट झालं, पातळ काकवीसारखं. घाणीचे जंतू असले तर हे काळं पडंल, नसले तर असंच राहील, असं ती म्हणाली. फक्त उबेला ठेवायची. तिनं जुन्या गोधडीच्या तुकड्यात बाटली गुंडाळली आणि चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवली. झोपलेल्या लेकराला ठेवावं तशी.

सकाळी नवरा-बायको कापसाला गेली. मी चुलीपुढं बसून त्या गाठोड्याकडं बघत राहिले. जाळापाशी दूध ठेवलं तर नासतं, पीठ ठेवलं तर आंबतं, माणूस ठेवलं तर सुस्तावतं. पाणी तर गारव्याचं लेकरू. त्याला असं कोंडून शेकलं तर चांगलं पाणी बी काळं पडंल, आणि नाव कुणाचं खराब होईल? माझ्या आडाचं. हा न्याय न्हाई. मी गोधडी सोडली, बाटली काढली आणि रांजणाखालच्या ओल्या वाळूत गळ्यापर्यंत रोवून ठेवली. थंडी अशी पडली होती की बैलाच्या नाकातला धूर तिथंच टांगून राहायचा. वाळूत बोट घातलं तर नख ठणकायचं. पाण्याला बरं वाटत असंल, म्हणलं.

सांजच्याला त्यांची चाहूल लागली की बाटली परत गोधडीत, गोधडी परत कोनाड्यात. सुनेला सांगितलं न्हाई. सगळंच सुनेला सांगायचं तर सासू व्हायचं कशाला?

बाटली काळी पडली न्हाई. शुभदानं ती उन्हात धरून फिरवली.

"पिवळंच हाय, आत्याबाई. पाणी चांगलं हाय."

"ते तू मला सांगतीस?"

दुसऱ्या सकाळी गुडघे ठणकत असतानाही मी कापसाला गेले. धुकं अजून विरलं नव्हतं, आणि त्यात कापूस असा दिसायचा की ढगच खाली येऊन झाडाला लोंबतायत, हात पुढं करायचा आणि ओटीत भरायचा. पुढची बाई दिसत नव्हती, नुसता तिच्या बांगड्यांचा आवाज. त्या आवाजाला मी सांगत होते, "सरकारी बाटलीनं सांगितलं बाई. निवळ पाणी. गावात असं दुसरं न्हाई." धुक्यातून कुणीतरी म्हणालं, "व्हय का मावशी," आणि कुणीतरी खुदखुदलं. हसा. ओटी भरत गेली, पोटापुढं मऊ मऊ वाढत गेली, आणि मला वाटलं, मी पुन्हा पोटुशी हाय, आणि पोटात पाणीच हाय.

माझी बढाई माणिकरावापर्यंत पोचायला वेळ लागला न्हाई. तो आला. स्वतः आला. पुढल्या दारानं.

"सगुणाबाई, हाव का घरात?"

मी तुरीच्या शेंगा सोलत होते, उठले न्हाई. सिद्धोधननं खुर्ची दिली. माणिकराव बसला, टोपी काढली, परत घातली.

"आमच्या पोरीचं, भक्तीचं लगीन हाय. आचाऱ्यानं बोअरचं पाणी चाखलं अन् थुकलं. म्हणला, या पाण्यात वरण करायचं तर मला सुपारी नको. तर म्हणलं, तुमच्या आडावर मोटर लावतो, टाकी भरून नेतो. लग्नाचा समदा स्वयपाक तुमच्या पाण्यात होऊ द्या."

"परत म्हणा."

"काय?"

"कानानं कमी येतं मला."

त्यानं परत म्हणलं, मोठ्यानं. शेजारच्या बाया दारात आल्या. सिद्धोधन पायाच्या अंगठ्याकडं बघायला लागला, कारण त्याला ठाव हाय, मला मुंगीची चाल बी ऐकू येते.

"न्या," मी म्हणले. "पाण्याला आमी कुणाला न्हाई म्हणत न्हाई. आमच्यात ती रीत न्हाई."

माणिकरावाला ते लागलं. लागायलाच पाहिजे होतं. तो गेल्यावर मी आडावर वाकले. "मामंजी, ऐकलं का? पुढल्या दारानं आला होता." खालून वाफ आली, ऊनऊन, माझ्या तोंडावर. ठक, असा आवाज झाला.

लग्न जवळ आलं आणि इकडं राजनंदिनीचं पोट बिघडलं. पावसाळ्यापासून असंच चाललं होतं. बरी व्हायची, परत बिघडायची. पोरगी चिपाडासारखी झाली होती. दात येतायत, म्हणलं. नजर लागली, म्हणलं. यावेळी मात्र डोळे खोल गेले, चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहायला लागली. शुभदा तिला घेऊन झरीच्या दवाखान्यात गेली.

परत आली ती घरात न येता आडापाशीच बसली. पोरगी खांद्यावर झोपलेली.

"डाक्तरीणबाई म्हणल्या, पाणी बघा."

"बघितलं की आपण."

"थंडी लय हाय, आत्याबाई. शिकवताना सांगितलं होतं, ऊब लागली न्हाई तर बाटली खोटं बोलती. चूल इझल्यावर कोनाडा गार पडत असंल. मी बघायला पाहिजे होतं. माझंच चुकलं."

माझंच चुकलं, असं ती म्हणाली, आणि पोरीच्या पाठीवर हात फिरवत राहिली. भांडली असती तर मी ऐकून घेतलं नसतं. पण हे कुठं ठेवायचं?

"कोनाडा गार न्हाई पडत," मी म्हणले.

"मग?"

"बाटली कोनाड्यात नव्हतीच. दिवसा वाळूत होती. रांजणाखाली."

तिचा हात थांबला.

"अशी बघू नको. पाण्याला गारवा लागतो, असं वाटलं मला. दुसरी बाटली दे."

"कुठं ठेवणार?"

"कोंबडी अंडं कुठं ठेवती? आण इकडं."

तिनं बाटली भरली. मी ती फडक्यात बांधून कमरेला, लुगड्याच्या आत, पोटाला लावून खोचली. पहिल्यांदा गार लागली, अंगावर काटा आला. मग ती माझ्यासारखीच झाली, तिथं हाय का न्हाई कळंना. ती घेऊनच मी भाकरी केल्या, ती घेऊनच निजले, कुशीवर वळताना तिला हातानं धरलं.

दुसऱ्या दुपारी तूर बडवायचं काम होतं. सिद्धोधन काठीनं बडवत होता, शुभदा सुपानं उधळत होती. मला म्हणाली, "तुमी बसा आत्याबाई, हलू नका." मी भुसाच्या ढिगावर पाय पसरून आडवी झाले. ऊन असं की जणू कुणी कोमट तेल लावतंय. काठीचा आवाज येत होता. ठक. ठक. भूस हवेत उडून सोन्यासारखं खाली येत होतं, आणि मी त्यात खाली खाली जायला लागले.

खाली मामंजी होते. मी त्यांना कवा बघितलं न्हाई, पण वळखलं. कमरेएवढ्या खड्ड्यात उभे, अंगावर चिखल. पाटी भरून वर देत होते आणि मी काठावर बसून घेत होते. पाटी लय जड.

"मामंजी, हे तर काळं हाय," मी म्हणले.

"मग?"

"पाणी कुठं हाय?"

"अगं येडे," ते म्हणाले, "काळं काढल्याबिगर निवळ लागतंय व्हय?" आणि पुढली पाटी वर दिली. माझ्या पोटावर ठेवली.

जागी झाले तर हात पोटावर. फडकं सोडलं. बाटली उन्हात धरायची गरजच नव्हती. काजळाच्या डबीसारखी काळी.

सिद्धोधनची काठी थांबली. तिघांनी मिळून ती बाटली बघितली, आणि मग तिघांनीही एकदमच आडाच्या मागं बघितलं. तिथं आमचा संडास. पावसाळ्याच्या तोंडाला बांधलेला, रंग अजून कोरा. गवंडी म्हणला होता, "मावशी, खड्डा आडाच्या लय जवळ येतो." मी म्हणले होते, "आड दगडाचा हाय बाबा, मेणाचा न्हाई. माझे गुडघे मात्र मेणाचे हायत. इथंच बांध."

शुभदानं माझ्याकडं न बघताच सूप उचललं. तेच मला लागलं.

मग सिद्धोधन म्हणाला, "माय, माणिकरावाला सांग, आड आटलाय. मोटर जळली म्हण. काही बी सांग. पण ही बाटली दाखवू नको."

"कामून?"

"कामून म्हणजे? उद्या गाव काय म्हणंल? त्यायला तेवढंच पाहिजे. आज्जानं ज्या शब्दापायी आड खणला, तोच शब्द परत आपल्या दारात आणून ठेवतीस?"

लेक खरं बोलत होता. हातातली काठी त्यानं इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली. मी त्याच्याकडं बघितलं, मग सुपाआड उभ्या शुभदाकडं, मग झाडाखाली निजलेल्या पोरीकडं. तिच्या ओठावर माशी बसली होती आणि तिला हाकलायचं त्राण नव्हतं.

"आड आटला म्हणू?" मी म्हणले. "मामंजीचा आड? ते खोटं मी माझ्या तोंडानं बोलू? अन् मोटर जळली म्हणलं तर त्याच्याकडं दुसरी हाय."

बाटली परत कमरेला खोचली आणि निघाले.

माणिकरावाच्या अंगणात मांडव चढत होता. बाया जमल्या होत्या, सुपं घेऊन डाळ निवडत होत्या. कुसुमबाईनं मला बघून पाट सरकवला. पहिल्यांदा सरकवला, तोही अशा दिवशी. मी बसले न्हाई.

"माणिकराव, पाणी मिळणार न्हाई. हे बघा."

फडक्यातून बाटली काढली. सुपं थांबली. पिवळी असती तर काय असतं अन् काळी म्हणजे काय, ते मी सांगितलं. जसं शुभदानं मला सांगितलं होतं, तसंच.

माणिकरावाची म्हातारी चुलती कोपऱ्यात बसली होती. ती शेजारणीला म्हणाली, पण अंगणाला ऐकू जाईल असं, "म्या म्हणलंच होतं. त्यायच्या आडाचं पाणी म्हणजे..." बाकीचं तिनं दाताखाली धरलं.

"बोला की पुढं, काकी," मी म्हणले. "अर्धं कामून गिळता? घशात अडकंल. ही घाण माझ्या संडासाची हाय, जातीची न्हाई. मी जवळ खड्डा घेतला, तो झिरपला. तुमी जवळ घ्या, तुमचा बी झिरपंल. जातीची असती तर मी ती इथवर आणलीच नसती, तुमीच घरोघर वाटली असती."

एकीनं पोटावर हात ठेवला. "मावशी, दिवाळीला तुमचंच पाणी प्यालो की आमी."

"मग पोराबाळांची पोटं बघा. पाणी उकळून प्या. माझी सून येईल, तुमच्या बोअरची बी बाटली भरंल."

माणिकराव मला मांडवाच्या बाहेर घेऊन आला. चेहरा उतरला होता. हळू म्हणाला, "एवढ्या माणसात कशाला सांगायचं? गुपचूप कळवलं असतं."

"मागताना तुमी दोनदा मागितलं, मोठ्यानं. मग न्हाई बी मोठ्यानंच म्हणावं लागतं."

परतताना मला दोनदा वाटेत बसावं लागलं. ते गुडघ्यामुळं, असं मी रस्त्यातल्या लिंबाला सांगितलं.

मग आमच्या घरी कामच काम. सिद्धोधननं संडासाचा खड्डा उपसून घेतला, मुरूम टाकून बुजवला, आणि उताराच्या अंगाला, बांधापाशी नवा खड्डा धरला. आडावर मोटर लावली. पाणी धारेनं शेतात जात होतं, आणि मी काठावर बसून बघत होते. पाणी खाली जाईल तसा आड उघडा पडत गेला, म्हाताऱ्याचं धोतर सुटावं तसा. तळ दिसला. तळाच्या दगडावर टिकावाच्या खुणा होत्या. एकावर एक, आडव्यातिडव्या, कुणी काल मारल्यासारख्या. शुभदानं मोजून भुकटी टाकली, दवाखान्यासारखा वास अंगणभर पसरला. नवं पाणी हळूहळू खुणांवर चढलं. मी हात जोडले, आणि कुणी बघितलं न्हाई म्हणून परत खाली घेतले.

नवा संडास तयार व्हायचा होता. तवर मला पुन्हा टमरेल घेऊन पहाटे जावं लागायचं. वाट माणिकरावाच्या मांडवाशेजारून जाते. दुसरी न्हाई. जिनं सगळ्या गावाला पुढलं दार शिकवलं, ती बाई धुक्यात टमरेल पदराखाली धरून, गुडघ्यावर हात दाबत चाललीय. लग्नाच्या दिवशी मांडवात चुलवणं पेटली होती. झरीवरून आणलेल्या टँकरच्या पाण्यात डाळ रटरटत होती. आचारी जागे होते. त्यांनी मला बघितलं. मी ताठ मानेनं गेले. ताठ मानेनं टमरेल घेऊन जायला किती बळ लागतं, ते ज्याला जावं लागतं त्यालाच ठाव.

वरण कसं झालं, ते मी कुणाला विचारलं न्हाई. चांगलं झालं असंल.

लग्नाची धांदल ओसरली. शुभदानं आडाचं पाणी परत बाटलीत भरलं, परत माझ्या कमरेला आलं. दुपारी मी अंगणात खाटेवर उन्हाला पडले होते. राजनंदिनी पायथ्याशी बसून गुळाचा खडा चोखत होती, तोंड सगळं चिकट. पोरीच्या गालाला थोडं मांस चढलं होतं. डोळा लागायला आला होता, तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. पुढलं फाटक.

कुसुमबाई. एकटी. पदराच्या टोकाला काहीतरी गाठ मारलेलं.

"निजल्या होत्या का?"

"उबवायले. बसा."

ती खाटेच्या कडेला बसली. गाठ सोडली. आत बाटली, त्यांच्या बोअरची. शुभदानं भरून दिलेली, तोंडाला लाल दोरा बांधलेला.

"तुमच्या सुनेनं उबेला ठेवा म्हणून सांगितलं. आमच्या घरात चूल न्हाई राहिली, गॅस हाय. पाहुणे अजून घरात. मला कोण पडू देतंय उन्हात?" ती जराशी हसली. "तुमच्याजवळ राहू द्या म्हणलं. तुमी तर बसल्याच हाव."

"मला काय खुडूक कोंबडी समजता?"

"न्हाई तर काय?"

मी तिच्याकडं बघितलं. मग फडकं सोडलं आणि तिची बाटली आमच्या बाटलीच्या शेजारी खोचली. गार लागली. परत काटा आला अंगावर.

कुसुमबाईनं आजूबाजूला बघितलं. घसा खाकरला. "घोटभर पाणी देता का?"

"उकळलेलं हाय. चव न्हाई त्याला."

"असू द्या."

शुभदानं तांब्या आणून दिला. कुसुमबाईनं तो घेतला, तोंडाला लावला, वरून ओतून न्हाई, ओठ लावून. पाणी तिच्या गळ्यातून उतरताना दिसत होतं. सगळा तांब्या प्याली. मग रिकामा तांब्या मांडीवर धरून बसली, उठायचं नाव न्हाई.

आडातून वाफ येत नव्हती, ऊन चढलं होतं. तरी खालून आवाज आला. तिलाही आला असावा, कारण तिनं मान वळवली.

मी उठून बघणार होते. शुभदा म्हणाली, "हलू नका, आत्याबाई."

मी हलले न्हाई.